पडदा चिकटेपर्यंत

"दोष कुणाचा म्हणतोस?"

"खांडेपारकरसरांचा. आणि तुमचा. त्या अहवालावर तुमचीही सही आहे, बाई."

"आहे," केळुसकरबाई म्हणाल्या आणि कांदा चिरत राहिल्या. लाज नाही, काही नाही. डोळ्यांना टाका घालायला मला यांनीच शिकवलं होतं.

डोळ्यात मांस वाढतं, बुबुळावर चढतं. ते कापायचं आणि त्याच डोळ्याचा, वरच्या पापणीखालचा पातळ पडदा त्या जागी बसवायचा. कशाने? टाक्याने, गोंदाने, की तिथल्याच ओल्या रक्ताने? विभागप्रमुख खांडेपारकरांना यावर निबंध छापायचा होता. कुणाला काय ते चिठ्ठी काढून ठरायचं. माझा रोगी सोमा तांडेल, त्याच्या चिठ्ठीत रक्त निघालं.

रक्ताला धरायला दहा मिनिटं द्यावी लागतात, पडदा दाबून. हात न हलवता. सर चौथ्या मिनिटाला ओरडले, "पुढचा घे रे! पूजा मांडलीस काय?"

मी हात काढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पडदा सुरळी होऊन पडला होता. अहवालात आलं... रोग्याने डोळा चोळला.

त्याच दुपारी मी डॉक्टरकी सोडली. आज आठ महिन्यांनी बाईंना तोंडावर ऐकवायला आलो होतो.

बाईंनी कांद्याचा पापुद्रा सोलला. माझ्या मनगटावर पाण्याचा थेंब टाकून त्यावर पसरला.

"दहा मिनिटं. हलू नकोस."

"मी काय पहिलीतलं पोर आहे? तुम्ही म्हातारे एकमेकांना सांभाळता, खोटं छापता, आणि वर..."

पापुद्रा ओट्यावर पडला होता.

बाईंनी घड्याळ पाहिलं. "तीन मिनिटं. आणि इथे कुणी ओरडलं नाही."

"हे काय खेळ लावलेत? तिथे सर डोक्यावर उभे होते!"

"होते. हात कुणाचा होता?"

"मग मी सोडलं ना सगळं! शिक्षणाची दोन वर्षं, मिळालेली जागा, सगळं फेकलं. अजून काय हवंय?"

"जाताना सोमाला काय सांगितलंस?"

ते मला आठवत होतं.

"सांग."

"...उद्या मीच टाके घालून बसवतो. दुसऱ्या कुणाला हात लावू देऊ नका."

"एकवीस दिवस येत होता. बाकावर बसायचा. मी बोलावलं की म्हणायचा, तुम्ही नको बाय, आमचा डॉक्टर येतोय."

"मग तुम्ही मला का नाही कळवलंत?"

"चार पत्रं घातली. फोडली नाहीस."

बाईंच्या अक्षरातली पाकिटं. मी ती तशीच चुलीत घातली होती.

"बाविसाव्या दिवशी तो आला नाही," बाई म्हणाल्या. "पावसाळ्यानंतर आला तेव्हा मांस पुन्हा वाढून बुबुळाच्या मधोमध आलं होतं. मी कापलं. खाली पांढरा डाग राहिला. उजव्या डोळ्याने त्याला स्वतःच्या हाताची बोटं मोजता येत नाहीत."