गोजराचं विरजण

एका गावात एक गवळी होता, एक गवळण होती आणि त्यांची एकुलती एक लेक होती, गोजरा. गोठा असा भरलेला, की पहाटे धारा काढायला बसले म्हणजे चरव्यांच्या आवाजानं शेजारचा कोंबडा जागा व्हायचा. आपण उशिरा उठलो की काय, म्हणून बिचारा घाईघाईनं आरवायचा.

पण दैव काही विचारून येत नाही. एका पावसाळ्यात गुरांमध्ये रोग शिरला. आज ही गाय बसली, उद्या ती बसली. एकेक दावं रिकामं होत गेलं. पाऊस सरला तेव्हा गोठ्यात चंद्री नावाची एकच गाय उरली होती.

गवळी रिकाम्या गोठ्यात बसून राहायचा. एक दिवस तो बायकोला म्हणाला, "रोग आला त्याचं एवढं नाही वाटत. तो आलाय हे आपल्याला कळलंच नाही, ते लागतंय मनाला. डोंगरापल्याड पठारावर एक म्हातारे बाबा गुरांचं वैद्यक शिकवतात म्हणे. आपल्या गोजराला धाडूया."

गावानं ऐकलं आणि गाव हसलं. "गवळ्याच्या गाई गेल्या, मागोमाग अक्कलही गेली."

गवळणीनं एक छोटं मातीचं बोळकं घेतलं, त्यात घरचं दही घातलं आणि आपल्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधून लेकीच्या हातात दिलं.

"हे आपलं विरजण. माझ्या सासूला तिच्या सासूनं दिलं होतं. मुक्काम पडेल तिथं थोडं दूध मागून घे आणि यात लाव. तिथं पोचलीस की रोज लाव. सकाळी खा, चमचाभर ठेव, संध्याकाळी तेच नव्या दुधात घाल. आणि कुणी मागितलं तर नाही म्हणू नकोस. विरजण दिल्यानं कमी होत नाही."

"आणि तुझी आठवण आली तर?"

"तर दही खा," आई म्हणाली आणि तोंड फिरवून चुलीकडे गेली. चूल तर केव्हाच विझली होती.

सासरी निघालेल्या पोरीसारखी गोजरा रडत रडत डोंगर चढून गेली.

पठारावर गवतानं शाकारलेल्या झोपड्या होत्या आणि मोठा गोठा होता. शिकायला आलेल्या प्रत्येकाला संध्याकाळी वाटीभर दूध मिळायचं. बाबांचा नियम एकच होता. दसऱ्याला घाटाची वाट उघडली की घरी जाऊ म्हणणाऱ्यानं गोठ्यात यायचं. बाबा विचारतील ते सांगता आलं तर जायचं, नाही आलं तर पुढच्या दसऱ्यापर्यंत थांबायचं. पावसात घाट बंद, आणि एरवीही अधेमधे कुणाला सुट्टी नाही.

पहिल्याच संध्याकाळी गोजरा बोळकं उघडून बसली होती. शेजारी एक पोरगी कोरडी भाकरी चावत होती. ती धुरपी. तिचा बाप बैलांवरून मीठ घेऊन गावोगाव फिरायचा. आपल्या बैलांसाठी त्यानं लेकीला शिकायला ठेवलं होतं.

"काय गं, काय आहे त्यात?" धुरपीनं विचारलं.

"दही."

"दे की थोडं. घास उतरत नाही."

गोजरानं बोळक्यावर हात धरला. "तिन्हीसांज झालीये. या वेळेला दूधदही कुणाला देत नाहीत."

"मग सकाळपर्यंत घास असाच तोंडात धरून बसू?"

गोजराला हसू आलं. आईचं सांगणंही आठवलं. तिनं थोडं दही काढून दिलं. धुरपीनं त्यातलं अर्धं खाल्लं आणि अर्धं आपल्या वाटीतल्या दुधात घातलं. म्हणाली, "मी पण लावून बघते. आमच्याकडे मिठाशिवाय काही पिकत नाही. बघू, दही तरी लागतंय का."

शिक्षण सुरू झालं. बाबा सकाळी गोठ्यात हिंडत शिकवायचे. हे कान थंड का, ही नाकपुडी कोरडी का, ह्या गाईनं चारा का सोडला. गोजरा होती हुशार. एकदा ऐकलं की तिला समजायचं. आणि समजलं म्हणजे झालं, असंच तिला वाटायचं.

शिकवणं संपलं की ती उठायची आणि पठाराच्या कड्यावर जाऊन बसायची. तिथून खाली दरी, दरीपलीकडे डोंगर आणि डोंगरामागे तिचं गाव. गाव काही दिसायचं नाही. कधी धुराची एक रेघ दिसायची. ती आपल्याच चुलीची, असं धरून गोजरा अंधार पडेपर्यंत बघत राहायची. आता आई चूल फुंकत असेल. आता चंद्रीची धार काढत असेल. डोळे भरायचे, दिवस जायचा.

धुरपीचं वेगळंच होतं. तिला एका ऐकण्यात काही समजायचं नाही. रोज नवं शिकायच्या आधी ती कालचं पुटपुटत बसायची, गाईंच्या मागे फिरून कालचं पुन्हा बघायची.

गोजरा म्हणायची, "काय गं धुरपे, म्हशीसारखी रवंथ करत बसतेस. कालचं काल झालं ना?"

"काल झालं, पण डोक्यात कुठं बसलंय अजून?" धुरपी म्हणायची. "तुझं काय, तुझं डोकं म्हणजे रांजण. माझं आपलं गळकं गाडगं."

पाऊस आला, पाऊस सरला. दसरा जवळ आला तशी गोजरा दचकून जागी झाली. घरी जायचं असेल तर सगळं आलं पाहिजे. मग तिनं कमरेला पदर खोचला. दिवस म्हणू नका, रात्र म्हणू नका, वर्षाचं शिक्षण ती एकदम डोक्यात कोंबू लागली. जेवायची शुद्ध नाही, झोपेची शुद्ध नाही. संध्याकाळचं दूध उभ्या उभ्या पिऊन टाकायची. बोळकं कोपऱ्यात पडलं होतं. आज राहिलं, उद्या लावू म्हणता म्हणता लावायचं राहून गेलं ते गेलंच.

दसरा आला. घाट उघडला आणि पहिला वर आला तो धुरपीचा बाप, मिठाचे बैल घेऊन. त्यातला एक बैल मान टाकून उभा होता. बाबांनी तोच बैल गोठ्यात आणला.

"गोजरा, याला काय झालंय?"

गोजरानं एका दमात चार काढे सांगितले, दोन लेप सांगितले.

बाबा म्हणाले, "औषधं पुष्कळ झाली. त्याला झालंय काय, ते सांग."

गोजरा बैलाकडे बघत राहिली. हे शिकवलं होतं. बाबा कुठं उभे होते, कुठली गाय होती, तेसुद्धा आठवत होतं. पण काय सांगितलं होतं ते काही केल्या वर येईना. सगळं एकात एक मिसळून गेलं होतं.

"धुरपे, तू सांग."

धुरपीला घाई नव्हती. तिनं बैलाचे कान चाचपले, तोंडाकडे बघितलं, डाव्या कुशीवर हात ठेवून दाबलं. "बाबा, हा रवंथ करत नाहीये. डावी कूस फुगलीये. वाटेत भलताच ओला चारा खाल्लाय यानं." आणि तिनं पहिल्या पावसात शिकलेला उपाय सांगितला.

बाबांनी मान डोलावली. मग गोजराकडे वळून हळूच म्हणाले, "गवळ्याची लेक ना तू? जनावर रवंथ करायचं थांबलं म्हणजे काय समजायचं?"

"आजारी आहे समजायचं."

"मग तू कधी केलंस?"

गोजरानं मान खाली घातली. अजून एक वर्ष. अजून एक पावसाळा.

बाहेर आली तर धुरपीचा बाप म्हणाला, "पोरी, तुझ्या गावावरून आलो. आईबाप बरे आहेत. चंद्री मात्र आटली. घरात दह्याचा थेंब नाही. पण तुझी आई म्हणाली, त्याची काळजी नाही, आमचं विरजण लेकीपाशी आहे. ती आली की परत लावू."

गोजरा धावत झोपडीत गेली. लुगड्याचा तुकडा सोडला, बोळकं उघडलं. आत हिरवी बुरशी आली होती आणि वास असा, की हात आपोआप नाकाकडे गेला. आईच्या सासूच्या सासूपासून चालत आलेलं विरजण. आता ते घरी नाही, इथं नाही, जगात कुठंच नाही. बोळकं मांडीवर घेऊन ती बसून राहिली. रडूसुद्धा येईना.

धुरपी गाठोडं बांधत होती. तिनं एकदा बघितलं, उठली आणि आपली वाटी आणून गोजरापुढे ठेवली. वाटीत घट्ट, पांढरंशुभ्र दही होतं.

"घे."

"हे कुठलं?"

"तुझंच की. पहिल्या दिवशी दिलंस ते."

गोजरानं बोटानं थोडं जिभेवर ठेवलं आणि डोळे मिटले. घर समोर आलं. चूल आली, चरव्या आल्या, आईच्या बांगड्या वाजल्या. मग मात्र तिला रडू कोसळलं.

"कसं टिकवलंस गं इतके दिवस?"

"याला काय कसं?" धुरपी म्हणाली. "संध्याकाळी लावते, सकाळी खाते, चमचाभर ठेवते. कालचं थोडं आजच्यात घातलं की झालं. एक दिवस चुकला तर मला चुकल्यासारखं व्हायचं, म्हणून चुकवलं नाही."

"धुरपे, तिन्हीसांज झालीये. या वेळेला देत नाहीत."

"तू नव्हतं दिलंस? गप घे."

दुसऱ्या दिवशी धुरपी बापाबरोबर घाट उतरून गेली. गोजरा कड्यावर उभी राहून बैल दिसेनासे होईपर्यंत बघत होती. मग झोपडीत आली, बोळकं राखेनं घासलं, उन्हात वाळवलं आणि संध्याकाळी कोमट दुधात चमचाभर दही लावून चुलीच्या उबेला ठेवलं.

त्या दिवसापासून तिनं एक केलं. कड्यावर जाणं काही सोडलं नाही. ओढ का कुठं सोडता येते? पण आता ती तिथं बसून नुसतं बघत राहायची नाही. दरीपलीकडे तोंड करून आईशी बोलायची. "आई, काल तुला नाकपुडीचं सांगितलं होतं, आठवतंय ना? नसेल तर पुन्हा ऐक. आता आजचं सांगते." काल शिकलेलं आधी, आज शिकलेलं मागून. सांगता सांगता कुठं अडली की तिला कळायचं, हे आपल्याला आलेलंच नाही. मग उठून गोठ्यात जायची, बघायची, परत येऊन आईला सांगायची. आणि दिवा लागायच्या आधी बोळक्यात दूध.

नवी पोरं हसायची. "ही बघा, वाऱ्याशी बोलतेय."

हळूहळू तीच पोरं येऊन शेजारी बसायला लागली. "ताई, परवा आईला काय सांगितलंत, ते आम्हाला नाही कळलं." गोजरा त्यांना परत सांगायची. कुणी विरजण मागितलं तर तेही द्यायची. पठारावर झोपडीझोपडीत तिच्या आईचं दही लागायला लागलं.

कंटाळा यायचा नाही असं नाही. पावसाच्या झडीत कडा दिसायचा नाही, अंग आंबून जायचं. वाटायचं, आज राहू दे. तेव्हा बोळक्यातलं ते हिरवं तिच्या डोळ्यांपुढे यायचं आणि ती झोपडीच्या दारातूनच आईला हाक मारायची.

पुन्हा दसरा आला. गोजराला या वेळी धावपळ नव्हती. रात्री झोप लागली, सकाळी दहीभाकरी खाऊन ती गोठ्यात गेली.

बाबा म्हणाले, "पहिल्या दिवसापासून सांग."

गोजरानं दरीच्या बाजूला तोंड केलं आणि सांगायला लागली. एकेक आजार, त्याची खूण, त्याचा उपाय. कुठं मिसळ नाही, कुठं घाई नाही. बाबा ऐकत राहिले. ऊन वर आलं तेव्हा त्यांनी विचारलं, "हे तू मला सांगतेस, की कुणाला?"

"आईला, बाबा."

"मग इथं कशाला सांगतेस?" म्हातारा हसला. "जा, समोर बसून सांग."

गोजरा डोंगर उतरून गावात आली, ती बोळकं पोटाशी धरून. आई दारातच होती. चंद्री पुन्हा व्याली होती, घरात दूध होतं, पण शेजारणीच्या विरजणाचं दही गवळणीला गोड लागत नव्हतं. दह्याचं गाडगं ती रोज सकाळी धुवून रिकामंच पालथं घालून ठेवायची.

गोजरानं बोळकं पुढे केलं. आईनं बोट बुडवून चाखलं. मग लेकीच्या गालावरून हात फिरवत म्हणाली, "पहिल्या वर्षी नाही, पण गेल्या दसऱ्यापासून रोज दिवेलागणीच्या आधी मला उचकी लागायची. पाणी पिऊनसुद्धा जायची नाही. तुझा बाप म्हणायचा, लेक आठवण काढतेय."

"नुसती आठवण नव्हती, आई. शिकवत होते तुला."

"तरीच," आई म्हणाली, "माझं मेलीचं डोकं दुखायचं."

पुढच्या पावसाळ्यात तोच रोग परत आला. पाटलाच्या गाईनं सकाळी रवंथ केली नाही, एवढंच गोजरानं बघितलं आणि रोग ओळखला. आजारी गुरं वेगळी बांधली, घरोघर जाऊन काय करायचं ते समजावलं, दुसऱ्या दिवशी परत जाऊन पुन्हा समजावलं. गावातलं एकही दावं रिकामं झालं नाही. अक्कल गेली म्हणून हसलेल्या घरांनी एकेक कालवड आणून गवळ्याच्या दारात बांधली. शिवाय जाताना प्रत्येक घरच्या बाईनं वाटी पुढे करून विरजण मागून नेलं.

गोठा पुन्हा भरला. पहाटे धारा काढायला आई एका बाजूला, लेक दुसऱ्या बाजूला बसायची. चरव्या अशा वाजायच्या, की शेजारचा म्हातारा कोंबडा दचकून उठायचा आणि आपल्याला उशीर झाला म्हणून घाईघाईनं आरवायचा.

तात्पर्य: कालचं चमचाभर रोज आजच्यात घालावं आणि मागेल त्याला त्यातलं द्यावं, म्हणजे विद्या नासत नाही, आणि माणसाला घरापासून दूरही राहू देत नाही.