आजोबांच्या घंटीची रेघ

फार फार वर्षांपूर्वी, म्हणजे गेल्याच वर्षी, चित्र्यांच्या घरच्या लॅपटॉपला पेनड्राइव्हएवढी एक रेडिओकांडी खोचली गेली. घरातले दिवे, प्लग, घंट्या एकमेकांशी बिनतारी बोलत. कोण कोणाशी बोलतं, याचा रेघांचा नकाशा तिने काढायचा होता.

दिव्यांनी लगेच हजेरी दिली. आजोबांच्या उशाची घंटी मात्र गप्पच.

“मेलीय वाटतं. नाव खोडते,” कांडी म्हणाली.

“अगं बये, थांब!” पॅसेजमधला दिवा कळवळला. “तिचा आवाज बारीक. मधल्या खोलीतला प्लग तिचा निरोप पुढे, सूनबाईंच्या फोनपर्यंत पोचवतो. पण त्याच, आपल्या वृंदाताई, ऑफिसला निघताना सगळी बटणं बंद करून जातात, त्याचंही!”

कांडीने नाव ठेवलं, पण रेघेशिवाय.

संध्याकाळी नकाशात घंटीला रेघच नाही हे वृंदाताईंनी पाहिलं आणि त्या धावत सासऱ्यांकडे गेल्या. “बाबा, दुपारी घंटी वाजवता तुम्ही?”

“रोज वाजवतो की. म्हटलं, तू कामात असशील.”

वृंदाताईंनी प्लगचं बटण चालू केलं आणि त्यावर चिकटपट्टी लावली. आजोबांनी घंटी दाबली. कांडीने रेघ ओढली, इतरांपेक्षा जरा जाडच.