तिसऱ्या कॅमेऱ्यातला कोरडा सडा

‘या तिसऱ्यात भुरभुर कुठं गेली गं?’

अक्कांनी इतकं सहज विचारलं, तरी विभाच्या हातातली पेन्सिल सुटली आणि ओट्याखाली घरंगळत गेली.

मठाच्या ओट्यावर तीन स्टँडवर तीन व्हिडिओ कॅमेरे उभे होते. तिघांची तोंडं एकाच दिशेला. समोर सडा, म्हणजे डोंगरमाथ्यावरचं काळ्या कातळाचं सपाट रान. सड्याच्या मधोमध दगडांचा एक ढीग. आणि ढिगाच्या पुढं, पंचवीसेक पावलांवर, कडा.

प्रत्येक कॅमेऱ्याच्या कुशीत एक छोटी स्क्रीन उघडलेली होती.

सकाळचे दहा वाजले असतील. भाद्रपदातली बारीक भुरभुर चालली होती, अंगाला लागेल पण कानाला कळणार नाही अशी. पहिल्या स्क्रीनवर ती दिसत होती. दुसऱ्या स्क्रीनवरही दिसत होती, डोळे बारीक केले तर. तिसऱ्या स्क्रीनवर सडा ठणठणीत कोरडा होता.

विभानं स्क्रीनकडं बघितलं. मग बाहेर. मग पुन्हा स्क्रीनकडं...



‘तो कॅमेरा ते काढून टाकतो, अक्का.’

‘पाऊस?’

‘पाऊस नाही हो. दाणे. उजेड कमी पडला की चित्रात दाणे येतात, रवा उधळल्यासारखे. चांगला कॅमेरा ती घाण आपणहून पुसतो. म्हणून तर त्याला दहापैकी नऊ दिलेत.’

अक्का सत्त्याहत्तर वर्षांच्या. गेली चाळीस वर्षं त्या या मठात राहत होत्या आणि खालच्या गावांतली माणसं चढण चढून त्यांच्याशी चार शब्द बोलायला येत. आता त्याच माणसांनी ठरवलं होतं की अक्का बोलतात ते व्हिडिओत धरून ठेवायचं. तीन घरांतून तीन कॅमेरे आले. प्रत्येकाचं म्हणणं, आमचाच चांगला.

निवड विभानं करायची होती. ती कोल्हापूरच्या कॉलेजात व्हिडिओचंच शिकलेली. आठ महिन्यांपूर्वी ती अक्कांपाशी राहायला आली होती. भांडं पडलं तरी दचकणारी पोर. पालीला घाबरायची, फोनच्या घंटीलाही घाबरायची. पण चित्रातलं आपल्याला कळतं, एवढी एक गोष्ट ती मान ताठ करून सांगायची.

वहीत तिनं रकाने आखले होते. रेघांची धार. रंग. कमी उजेड. हलतं चित्र.

‘घाण कुठली नि पाऊस कुठला, हे त्याला कुणी शिकवलं?’ अक्कांनी विचारलं.

‘कंपनीनं.’

‘कंपनी कधी आली होती आपल्या सड्यावर?’

विभा हसली नाही. अक्का एकट्याच हसल्या, पडलेल्या दातांच्या फटीतून.

‘आणि हा पहिला?’

‘गवळी मास्तरांचा. सगळ्यांत जुना. नुसते दाणेच दाणे. दहापैकी दोन.’

‘मास्तरांना सांगू नकोस. त्यांनाही कुणी कधी दोनच्या वर दिले नाहीत.’

विभानं ओट्याखाली हात घालून पेन्सिल काढली. शेवटचा रकाना रिकामा होता.

‘हलतं चित्र राहिलंय, अक्का. तुम्ही त्या ढिगापर्यंत चालत जाऊन परत याल का? अगदी हळू.’

बोलून झालं आणि तिची नजर कड्याकडं गेली. कड्याखालून धुकं वर येत होतं. एवढंसंच होतं, दूध उतू जायच्या आधी कडेला फेस धरतो तसं.

‘नको, राहू दे,’ ती घाईनं म्हणाली. ‘धुकं चढतंय. गेल्या वर्षी महादूकाकांची म्हैस अशीच धुक्यात...’

‘म्हशीवर लक्ष ठेवायला तीन-तीन कॅमेरे नव्हते गं.’

अक्का उठल्याच. खांद्यावर राखाडी घोंगडी घेतली, काठी घेतली.

‘ढिगापाशी जाऊन काय करू?’

‘काही नाही. परत या.’

‘नि नाही आले तर?’

‘असं काय बोलता अक्का!’

‘तुझा नऊवाला सांगेल की तुला.’

आणि त्या ओट्यावरून उतरून चालू लागल्या.

विभानं तिन्ही कॅमेरे चालू केले. पहिले दोन तिनं तसेच सोडले आणि तिसऱ्यासमोर बसली. काय चित्र होतं! घोंगडीची एकेक सुरकुती मोजता येत होती. काठी टेकायची, मग उजवा पाय, मग डावा. पुन्हा काठी. कातळावर काठीचा आवाज येत होता... टक... टक...

अक्का ढिगापाशी पोचल्या.

विभानं वहीत मान घातली. ‘हालचाल गुळगुळीत. रंग फुटत नाहीत.’ नऊ लिहावेत की साडेनऊ, यात तिचा थोडा वेळ गेला.

काठीचा आवाज येत नव्हता.

केव्हापासून येत नव्हता?

तिनं मान वर केली. ढीग नव्हता. सडा नव्हता. ओट्याच्या पायरीपासून पुढं सगळं पांढरं झालं होतं.

‘अक्का?’

तिनं तिसऱ्या स्क्रीनकडं बघितलं. स्क्रीनवर करडा, नितळ रंग होता. एक डाग नाही. धुतलेल्या पाटीसारखा.

‘अक्का... परत या आता. झालं माझं.’

काही नाही.

मठात दुसरं कुणी नव्हतं. स्वयंपाकाचं बघणारे महादूकाका सकाळीच बाजाराला खाली उतरले होते. आपण पाठवलं. एक रकाना भरायचा होता म्हणून आपण त्यांना कड्याकडं पाठवलं...

निदान कुठं वळल्या एवढं तरी कळायला हवं. तिनं तिसरा कॅमेरा थांबवला, चित्र मागं नेलं आणि पुन्हा लावलं.

अक्का चालतात. ढिगापाशी पोचतात. उभ्या राहतात. धुकं येतं, घोंगडी फिकी होते. आणखी फिकी. आणि मग अक्का नाहीत.

वळल्या नाहीत, पडल्या नाहीत, बसल्या नाहीत. नुसत्या नाहीत. जिथं त्या होत्या तिथं स्वच्छ, सुबक धुकं. कधी कुणी नव्हतंच असं.

तिनं पुन्हा लावलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा बघताना तिला कळलं. धुक्यात माणूस इतकं पुसट झालं, की या कॅमेऱ्यानं त्यालाही घाणीत धरलं. त्यानं अक्कांना पुसून टाकलं होतं.

दुसरा कॅमेरा. त्यात थोडं अधिक दिसलं, दोन-चार पावलं. मग तेही विरघळलं.

राहिला पहिला. दोन मार्कांचा.

त्यात तर काहीच दिसेना. स्क्रीनभर दाणे उकळत होते. तिनं स्क्रीनला नाक लावलं. डोळ्यांत पाणी आलं, ते बाहीनं पुसलं, पुन्हा बघितलं. दाणे, दाणे, दाणे...

दाण्यांचा एक पुंजका नाचत नव्हता. चालत होता.

विभानं चटकन चित्र थांबवलं, नीट बघावं म्हणून. थांबवलं तशी अक्का गेल्या. उरले नुसते दाणे. तिनं पुन्हा चालू केलं, तर पुंजका होता. थांबवलं, नाही. चालू केलं, आहे.

‘हात नको लावूस,’ ती स्वतःलाच म्हणाली. ‘हात नको लावूस, चालू दे.’

दोन्ही हात मांडीखाली दाबून ती बघत राहिली. पुंजका ढिगापासून सरकला. थोडा डावीकडं गेला. थांबला. मग खाली गेला. अर्धा झाला. आणखी खाली.

आणि मग नुसते दाणे.

खाली...

कॅमेरा तसाच टाकून विभा धावली.

ओट्याची पायरी चुकली, गुडघा कातळावर आपटला. तशीच उठली. दहा पावलांवर मठ दिसेनासा झाला. पायाखालच्या शेवाळलेल्या कातळाखेरीज जगात काही उरलं नव्हतं.

‘अक्का!’

हाक तोंडासमोरच विझली, उशीत तोंड खुपसून मारल्यासारखी. तिनं लगेच दुसरी मारली. आणि तिसरी. छाती इतकी धडधडत होती की कानांत दुसरं काही शिरत नव्हतं. गप्प राहायची तिला भीती वाटत होती. गप्प राहिलं आणि उत्तर आलंच नाही तर?

हाताला ढीग लागला. गार, ओला. ती त्याला बिलगून क्षणभर उभी राहिली. डावीकडं, डावीकडं गेल्या होत्या. पण ओट्यावरून डावीकडं म्हणजे इथून कुठं? ती ढिगाभोवती फिरली होती का? किती फिरली? मठ कुठल्या अंगाला राहिला?

‘अक्का! ओ द्या ना... अक्का!’

ढीग सोडून ती पुढं निघाली. हात पुढं धरलेले, पाय घासत. दहा पावलं. वीस. लहानपणी ती पाण्याच्या हौदापाशीही जायची नाही, लांबूनच पळून जायची. आणि आता ती कड्याकडं चालली होती, स्वतःच्या पायांनी.

‘अक्का! माझं चुकलं. मी बघत नव्हते. मी लिहीत होते. अक्का!’

समोर धुक्यात काहीतरी राखाडी होतं.

उभं. घोंगडीएवढंच. चार हातांवर, अगदी स्पष्ट, कडेकडेनं कापून काढल्यासारखं. विभाच्या तोंडातून हुंदका फुटला. तिला पुन्हा हाक मारायची होती, पण गळ्यातून फक्त वारा आला. आवाज संपला होता.

तिनं पाऊल उचललं.

तिच्या टेकलेल्या पायाखालून एक खडा सुटला आणि पुढं घरंगळत गेला. तेवढा तिला ऐकू आला, कारण ती पहिल्यांदाच गप्प होती.

खडा घरंगळला... आणि मग घरंगळायचा थांबला. पडल्याचा आवाज आला नाही.

राखाडी आकार हलकेच पसरला, आणि त्याच्या आरपार नुसतं धुकं दिसलं.

विभा एका पायावर उभी होती.

मागून, डाव्या हाताला, खाली कुठंतरी खळग्यात बसून बोलावं तसा एक आवाज आला. अजिबात घाई नसलेला.

‘सातव्यांदा ओ देतेय, विभा. आता ते उचललेलं पाऊल मागं घे.’