चाळीस गावांच्या चपला

“मग वाटू की नको, एवढंच सांगा बाबा.”

बळवंतशेठनं तिसऱ्यांदा विचारलं.

कासमबाबा ओट्यावर बसून चिमण्यांना ज्वारी टाकत राहिले. चिमण्यांशी बोलतील, पण शेठशी बोलणार नाहीत. गावाबाहेरच्या या तकियावर, बाबांच्या मठीत, मी बावीस वर्षं चहा करतोय, मला ठाऊक आहे या फकिराची तऱ्हा.

बळवंतशेठ म्हणजे आमच्याच गावचा बळवंत सातपुते. बाप चप्पलगल्लीत चपला शिवायचा. पोरानं रबरी चपलांचा कारखाना काढला. दीडशे माणसं कामाला आहेत. पैसा आला, पण गडी उतला नाही, मातला नाही. तीन वर्षं झाली, बापाच्या पुण्यतिथीला अख्ख्या गावाला फुकट चपला वाटतो. माणशी एक जोड. यंदा तर चाळीस गावं धरली होती. मंडप उभा होता, ट्रक भरलेले होते, कार्यक्रम दुसऱ्या दिवशी. पहिला जोड बाबांच्या हातून द्यायचा म्हणून बोलवायला आला होता.

आणि आला तो हे एवढंसं तोंड करून.

“गेल्या वर्षापासून एक गोष्ट डोक्यातून जात नाही,” तो म्हणाला. “दौलूतात्या रांगेत उभे होते. माझ्या बापाचे जोडीदार. मला आरी धरायला शिकवली ती त्यांनी. मी स्टेजवरून खाली उतरलो, पाया पडलो, माझ्या हातानं जोड दिला. त्यांनी घेतला... उलटा करून तळ बघितला... आणि माझ्या पायापाशी ठेवून निघून गेले. चारचौघांत, बाबा.”

“मग?”

“मग काय? माझं चुकलं कुठं तेच कळेना. माल वाईट म्हणावं, तर तोच मी दुकानात दोनशेला विकतो. गर्व केला म्हणावं, तर वाकलो होतो. तेव्हापासून जेवण गोड लागत नाही. मी करतोय ते चांगलं आहे की वाईट?”

“चांगलं आहे,” बाबा म्हणाले.

शेठचा चेहरा खुलला. “म्हणजे वाटू?”

“असं मी कुठं म्हणालो?”

झालं! तोंड पुन्हा पडलं. खरं सांगतो, मला बाबांचा रागच आला. माणूस सरळ विचारतोय, सरळ सांगावं की.

बाबांनी पायातली चप्पल काढली. जुनी, कातड्याची. तिचा अंगठा तुटला होता, गेले चार दिवस बाबा पाय ओढत चालत होते.

“ही शिवून आण.”

“बाबा, गाडीत नव्या आहेत की. तुमच्या मापाच्या...”

“शिवून आण.”

शेठनं ड्रायव्हरला हाक मारली.

“त्याला कशाला?” बाबा म्हणाले. “त्याचा बाप चपला शिवायचा का?”

शेठ उठला. चप्पल घालायला पिशवी शोधू लागला, तर बाबांनी नुसती मान हलवली. मग काय, पांढरेशुभ्र कपडे, मनगटात सोन्याचं घड्याळ आणि हातात एक तुटकी चप्पल, असा आमचा शेठ भर बाजारात शिरला. बाजाराचा दिवस होता. बघणारे बघतच राहिले. मला हसू आवरेना. बाबांनी डोळे वटारले तेव्हा आत गेलो.

दोन तासांनी शेठ परत आला. घामानं निथळत होता. चप्पल हातात तशीच, तुटकी.

“काय झालं?”

“अकरा दुकानं होती हो गल्लीत...” तो ओट्यावर मटकन बसला. “दोन ठिकाणी मोबाइलची दुकानं झालीत. एका ठिकाणी चायनीजचा गाडा. बाकीच्यांना कुलपं. एक म्हातारी दारात बसली होती. तिला विचारलं, इथली माणसं गेली कुठं? तर म्हणते कशी, ‘वरसाला जोड फुकट मिळतोय बाबा, मग शिवून कोण घेतंय?’ तिनं मला ओळखलं नाही.”

बाबांनी मूठभर ज्वारी टाकली.

“मला दुखवायला बोलली असती तर बरं झालं असतं... ती सहज बोलली.”

“आणि दौलू?”

“तात्या बँकेच्या दारात बसतात. खाकी शर्ट घालून. वॉचमन झालेत. मी चप्पल पुढं केली. त्यांनी हातात घेतली, अंगठ्यावरून बोट फिरवलं. ‘हत्यारं घरात आहेत, पाच वाजता ये, वीस रुपये होतील,’ म्हणाले. किती बरं वाटलं मला! मी दोन हजार काढले. म्हटलं, ठेवा तात्या.”

“मग?”

“चप्पल माझ्या हातात परत दिली. ‘नाही जमायचं,’ म्हणाले.” शेठनं ती वर करून दाखवली. “मी काय शिवी दिली का हो त्यांना?”

मी त्याच्यापुढं चहा ठेवला. त्यानं हातसुद्धा लावला नाही. एवढा मोठा माणूस, पण डोळे भरून आले होते.

“उद्याचं रद्द करतो,” तो म्हणाला.

“चाळीस गावांतनं लोक अनवाणी येतील, त्यांना काय सांगशील?”

“मग वाटतो.”

“आणि ती कुलपं?”

शेठनं डोकं धरलं. “अहो, वाटलं तरी चूक, नाही वाटलं तरी चूक! मग करू काय? कारखाना विकून तुमच्यासारखा इथं येऊन बसू?”

“दीडशे माणसं घेऊन?” बाबांनी माझ्याकडं बघितलं. “एवढा चहा कोण करणार?”

मी म्हटलं, मला यात ओढू नका.

ऊन ओट्यावर चढलं. शेठ एकदा बाबांकडं बघायचा, एकदा हातातल्या चपलेकडं. त्याचा गोंधळ मला दिसत होता, पण सांगू काय? माझा तरी कुठं सुटला होता? फुकट दिलं यात वाईट काय, हे मलाही कळत नव्हतं. आणि वाईट झालं होतं हे तर दिसतच होतं.

मग शेठ एकदम उभा राहिला.

“ठरलं, बाबा! भरलेले ट्रक परत दुकानांकडं पाठवतो. उद्या लोकांपुढं हात जोडतो, म्हणतो, तीन महिने थांबा. आणि तात्यांना चार हजार जोड शिवायला सांगतो. कातड्याचे. गल्लीतली गेलेली माणसं ते बोलावून आणतील, कुलपं उघडतील. अनवाणी माणसांना तेच जोड देतो. बाकीचे घेतील विकत.”

पहिल्यांदाच बाबांनी ज्वारीची वाटी बाजूला सारली. नीट वळून बसले.

“भाव काय देशील?”

“तात्या म्हणतील तो.”

“पाचशे म्हणाला तर?”

“दिले.”

“पाच हजार म्हणाला तर?”

“दिले! तोंडातून अक्षर काढणार नाही. बापाच्या जागी आहेत ते माझ्या. त्यांच्याशी मी भावावरून बोलू? जीभ झडेल माझी.”

अगदी पोटातून बोलला हो. मला तर वाटलं, आता बाबा उठून त्याला मिठी मारतात.

बाबा उठले खरे. जवळ गेले, त्याच्या हातातली तुटकी चप्पल काढून घेतली आणि त्याच्या तोंडाकडं बघत राहिले.

“मग नको जाऊस,” ते म्हणाले. “त्यानं वीस सांगितले, तू दोन हजार काढलेस; हेही तेच. घासाघीस करणार असशील... तरच जा.”