लवूची रिकामी जागा

फार वर्षांपूर्वी, खाडीच्या तोंडाशी वसलेल्या सागवेळ गावात लवू तांडेल लाटेवर उभा राहायचा. होडीत नव्हे हो, फुटक्या होडीच्या एका फळीवर! असं म्हणतात, तो वर चढला की लाटही फुटायची विसरायची.

नारळी पौर्णिमेला तिथे फळ्यांची शर्यत लागे. उभ्यानं किनाऱ्याला पहिला लागेल त्याला मानाचा नारळ. तो दर वर्षी लवूचा, आणि हातभर मागे त्याचा मित्र बाबल. हरला तरी बाबलचं तोंड काही बंद होत नसे. "फुडल्या वर्सा तुका बुडवतंय बघ!" असं ओरडायचा, आणि मग दोघं तो नारळ अर्धा अर्धा खायचे.

पुढे लवूचं नाव बंदरोबंदरी झालं. सरदार त्याला बोलावू लागले, लाट हाच त्याचा धंदा झाला. तो कुठेच हरला नाही. गावी परतला, तर गावानं त्याच्या फळीला शेंदूर फासला. आमच्या लोकांचं हे असंच. माणूस आवडला की त्याचा देव करून मोकळे! देवाची चेष्टा कोण करणार? शर्यतीत सगळे मुद्दाम रेंगाळू लागले. बाबल अजून हातभरच मागे असे, पण तोंड मिटून.

लवूला घास गोड लागेना. एका पौर्णिमेला किनारा जवळ आल्यावर त्यानं मुद्दाम तोल सोडला. बाबल जिंकला! आता हा चिडवील म्हणून लवू पाण्यातून डोकं काढून वाट बघत राहिला. किनारा मात्र चिडीचूप.

त्या हंगामात जाळी रिकामी आली. "देवाक हरवलंस, दर्या कोपलो," म्हणत गाव बाबलच्या दारात जमलं. बिचारा बाबल नारळ घेऊन लवूच्या पाया पडला. "चुकी झाली, देवा."

"अरे, मी लवूच रे! मुद्दाम पडलंय मी. माका नारळ नको, सोबती व्हयो."

बाबलनं मान वर केली नाही. लवूला भर समुद्रातही कधी इतकं एकटं वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं फळीवरचा शेंदूर वाळूनं घासून काढला आणि तो पाण्यात शिरला. असं म्हणतात, माडाएवढी लाट उठली, लवू तिच्यावर उभा राहिला, आणि लाट किनाऱ्याकडे न येता उलटी वळून त्याला आत घेऊन गेली. बाबल गळाभर पाण्यात उभा राहून "लवू रे!" अशा हाका मारत होता. फार उशीर झाला होता.

सागवेळीत आजही लवूचं देऊळ नाही. बाबलनं बांधू दिलं नाही. नारळी पौर्णिमेला फळ्यांच्या रांगेत मधोमध एका माणसाची जागा मोकळी सोडतात. शर्यत संपली की जिंकणारा मानाचा नारळ फोडतो आणि अर्धा पाण्यात सोडतो. मग सगळे, अगदी शेवटी धापा टाकत आलेलासुद्धा, समुद्राकडे तोंड करून पोटापासून ओरडतात,

"हरलंस रे, लवू!"