पाटलीणबाई हौदात उतरल्या

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. त्या गावाला भारी गर्व, आणि तोही सोन्यानाण्याचा नव्हे, पाण्याचा. वरच्या झऱ्याचं पाणी पूर्वजांनी भाजक्या मातीच्या नळांतून दगडी हौदात आणलं होतं. पाहुणा कुणाकडेही येवो, आधी गुळाचा खडा आणि हौदाच्या पाण्याचा तांब्या. "पाणी कसं लागलं?" असं विचारल्याशिवाय त्याची सुटका नसे. बिचाऱ्याला तहान नसली तरी प्यावं लागे.

अक्षय्य तृतीयेला गाव हौदाची पूजा करी. हळदकुंकू, फुलं, नारळ, सगळं पाण्यात सोडत. पाय मात्र कुणी घालायचा नाही. देवाचं पाणी ना ते. पूर्वी म्हणे पूजेआधी हौद उपसून घासत. पण घासताना कंबर मोडते, ओवाळताना मोडत नाही. हळूहळू घासणं सुटलं आणि ओवाळणं तेवढं राहिलं.

पुढे धार बारीक झाली. गावानं काय करावं? फुलं वाढवली. धार आणखी बारीक झाली, तेव्हा नारळ वाढवले. आता अशा शहाण्यांना कोण सांगणार?

हौद भरून वाहिला की पाणी खालच्या आळीला जाई. ते बंद पडलं. तिथल्या कुंभाराला माती भिजवण्यापुरतंही पाणी मिळेना. ऐन पूजेच्या दिवशी त्यानं आपलं चाक बैलगाडीत चढवलं.

पहिली ओटी भरायचा मान पाटलीणबाईंचा. पिढ्यान्‌पिढ्यांचा तो मान त्यांना जिवापाड प्रिय. ताट घेऊन त्या निघाल्या, तर वाटेत ही गाडी.

"सणासुदीचा कुठं निघालास रे?"

"पाणी असेल तिथं जातो, पाटलीणबाई. नळ आमच्या आजापणजानं घडवले, आणि आमच्याच घरात घोटभर नाही."

पाटलीणबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. हौदापाशी येऊन त्यांनी ताट कठड्यावर ठेवलं आणि लुगडं वर खोचलं.

गुरव घाबरला. "बाई, पाय घातलात तर ओटीचा मान जाईल."

"जाऊ दे. देव्हारा न पुसता नुसतं गंध लावत बसलं, तर देव दिसेल का?"

आणि त्या उतरल्या. कुजकी फुलं, शेंड्या, करवंट्या, फुटक्या बांगड्या, ओंजळीमागून ओंजळ बाहेर येऊ लागली. लोक नुसते बघत राहिले. मग गुरवानंच धोतर खोचलं आणि तोही उतरला. गुरव उतरल्यावर बाकीच्यांना कसली लाज? सगळं गाव चिखलात.

हौद लख्ख झाला, तरी धार वाढेना. वर जाऊन उकरलं, तर नळांत उंबराची मुळं शिरलेली आणि निम्मे नळ तडकलेले. गलका ऐकून कुंभारही गाडी वाटेतच थांबवून आला होता. गाव त्याच्याकडे पाहू लागलं. तो म्हणाला, "जुन्या मापाचे घडवून भागायचं नाही. घरं वाढलीत, नळाचं तोंडही वाढायला हवं." आणि त्यानं गाडी मागे फिरवली.

कुणी माती मळली, कुणी भट्टीला लाकडं आणली, कुणी चर खणला. रुंद नळ बसले. हौदाच्या वर गाळ बसायला छोटी टाकी झाली आणि खालच्या आळीला स्वतंत्र धार मिळाली. पाणी आलं तेव्हा म्हातारीकोतारीसुद्धा टाळ्या पिटत होती.

पुढल्या अक्षय्य तृतीयेला आधी हौद घासला. मग गुरवानं ताट पाटलीणबाईंपुढे धरलं. "मान तुमचाच, बाई."

त्यांनी ते कुंभाराच्या बायकोच्या हाती दिलं. तिचे पाय गुडघ्यापर्यंत माखले होते. तेव्हापासून रीतच पडली: ज्याचे पाय चिखलाचे, त्याचा मान पहिला.

अजूनही पाहुण्याला आधी तांब्या मिळतो. एकदा एक पाहुणा पाणी पिऊन म्हणाला, "तुमच्या गावावर देवाची मोठी कृपा आहे."

"आहे तर," कुंभार म्हणाला, "आणि ती आम्ही दरवर्षी घासूनपुसून ठेवतो."

तात्पर्य एवढंच: पूर्वजांनी दिलेल्या पाण्याचा अभिमान जरूर बाळगावा, पण तो मिरवण्याआधी हौदात उतरावं.