धुरकंदाचं पान

गोष्ट जुनी आहे. इतकी जुनी, की ज्या राज्यात ती घडली त्याचं नावही आता कुणाला सांगता येत नाही. लहानांनी ती ऐकावी, थोरांनीही ऐकावी. थोरांनी जरा जास्तच लक्ष देऊन.

त्या राज्याच्या राजधानीत, बाजाराच्या मधोमध, एक मंडप होता. चारी बाजूंनी उघडा. आत लाकडी मांडण्या, आणि मांडण्यांवर पानंच पानं. एक पान विहिरींविषयी, एक तापाविषयी, एक हातमागाविषयी, एक सुगरणीच्या खोप्याविषयी. माणसांना जे जे कळलं आहे ते ते एका जागी लिहून ठेवावं, म्हणून कुण्या जुन्या राजानं तो बांधला होता. तिथं कुंभारानं लिहावं, पंडितानंही लिहावं. एकानं लिहिलेलं दुसऱ्यानं खोडावं, त्यालाही मुभा होती. नियम थोडेच होते. लिहिणाऱ्यानं आपलं नाव घालायचं नाही. पण हे आपल्याला कुठून कळलं, ते मात्र घालायचं. आणि खोडणाऱ्यानं समासात कारण लिहायचं. ज्यांना वाचता येत नसे, त्यांना येणारं-जाणारं कुणीतरी वाचून दाखवी.

राजधानीबाहेरच्या टेकडीवर एक आचार्य राहत. झाडं, वेली, मुळं, कंद यांचा त्यांनी चाळीस वर्षं अभ्यास केला होता. एके काळी त्यांच्या अंगणात शिष्यांची दाटी असे. पुढं शिष्य शिकले आणि दूरदूरच्या दरबारी गेले. पत्नी वारली. मूलबाळ नव्हतं. राहिल्या त्या वाळलेल्या मुळ्यांच्या बरण्या आणि पोथ्या. कधीकधी आचार्य बरण्यांशी मोठ्यानं बोलत, आणि आपलाच आवाज ऐकून दचकत. आठवड्यातून एकदा परीट कपडे न्यायला येई. उंबऱ्याबाहेर उभा राहून तो ऊनपावसाच्या चार गोष्टी बोले. तेवढंच काय ते बोलणं.

एकदा आचार्यांच्या मनात आलं, की दीड वर्ष झालं, आपल्याला कुणी काही विचारलेलं नाही. त्या विचारानं त्यांना घरात बसवेना. ते काठी घेऊन टेकडी उतरले आणि मंडपात आले.

वेलींच्या मांडणीवर त्यांना धुरकंदाचं पान सापडलं. धुरकंद म्हणजे रानातल्या एका वेलीचा कंद, धुरकट सालीचा. पानावर कुणा वाटसरूनं लिहिलं होतं : ‘हा कंद उकडून खातात. उत्तरेच्या वाटेवरच्या एका धर्मशाळेत खाताना मी पाहिला आहे.’

आचार्यांना हसू आलं आणि रागही आला. वाटसरूनं पाहिला तो कंद वेगळा. साल तशीच, पण वेल निराळी. इथला धुरकंद म्हणजे जहर. आचार्यांनी त्या ओळीवर रेघ मारली आणि खाली ठसठशीत अक्षरात लिहिलं : ‘धुरकंद विषारी आहे. तो मुळीच खाऊ नये. हे ज्याला चाळीस वर्षांचा अभ्यास आहे, तो सांगत आहे.’

दुसऱ्या दिवशी ते धुतलेलं उपरणं घेऊन पुन्हा मंडपात गेले. आपलं लिहिणं वाचून चार माणसं जमली असतील, काही विचारतील, असं त्यांना वाटत होतं. माणसं नव्हती. पानावर त्यांच्या ओळींवरून रेघ गेली होती, वाटसरूची ओळ पुन्हा लिहिली गेली होती, आणि समासात एकच शब्द होता : ‘कशावरून?’

“हे कुणी केलं?” त्यांनी विचारलं.

मंडपाच्या पायरीशी एक कासारीण बांगड्यांची टोपली घेऊन बसे. गिऱ्हाईक नसलं की ती पानं वाची, नीट लावी, चुका काढी. ती उठून उभी राहिली. “मी केलं, आचार्य.”

“तुम्ही? बाई, मी कोण आहे ते ठाऊक आहे तुम्हाला?”

“ठाऊक आहे. तुम्ही लिहिलंत ते खरंही असेल. पण कुठून कळलं ते लिहिलं नाहीत. उद्या एखादा भोंदू येऊन लिहील, मी सांगतो म्हणून खरं. त्याचं मी कुठल्या तोंडानं खोडू?”

“माझी आणि भोंदूची बरोबरी करता?”

“माणसांची नाही हो करत. पण पानावर तुम्ही दोघं सारखेच दिसता. तिथं नुसती शाई असते.” तिनं बोरू पुढं केला. “दोन ओळी लिहा ना. कुठल्या पोथीत आहे, कुणी पाहिलं, काय झालं. मी स्वतः वाटसरूची ओळ खोडते.”

आचार्यांनी बोरू घेतला नाही. ज्यांच्यापुढं राजवैद्य हात जोडून उभे राहिले, त्यांनी एका बांगडीवालीला पुरावा द्यायचा! त्यांनी स्वतःच्या बोरूनं तेच वाक्य पुन्हा लिहिलं, आधीपेक्षा मोठ्या अक्षरात. ते खोडलं गेलं. तिसऱ्यांदा लिहिलं. तेही खोडलं गेलं. या वेळी अक्षर दुसऱ्याच कुणाचं होतं. चौथ्या वेळी आचार्यांनी समासात कासारणीविषयी चार वावगे शब्द लिहिले. तेव्हा मंडपातली जुनी माणसं एकत्र बसली आणि त्यांनी हात जोडून सांगितलं, “आचार्य, पंधरा दिवस आपण इथं लिहू नये. मन शांत झालं की जरूर यावं.”

आचार्य टेकडी चढून घरी गेले. पंधरा दिवस संपले, महिना संपला. कुणीतरी बोलवायला येईल म्हणून ते रोज सकाळी अंगणात बसत. कुणी आलं नाही. मग त्यांनी अंगणात बसणंही सोडलं. त्यांनी वेलींवर एक जाडजूड पोथी लिहायला घेतली. धुरकंदाचं प्रकरण त्यात फार सुंदर उतरलं. ते त्यांनी स्वतःलाच वाचून दाखवलं.

त्या वर्षी पाऊस पडला नाही. पुढच्या वर्षीही नाही. कणग्या रिकाम्या झाल्या, तशी माणसं रानाकडं वळली. पाला, फळं, मुळं, जे मिळेल ते आणू लागली.

एका आठवड्यात परीट आला नाही. दुसऱ्या आठवड्यातही आला नाही. मळके कपडे कोपऱ्यात साठले. आचार्यांना कपड्यांचं काही नव्हतं. पण उंबऱ्यापाशी कुणी बोललं नव्हतं, आणि ते त्यांना सोसवेना. विचारत विचारत ते नदीकाठच्या परीटवाड्यात गेले.

परटीण दारात बसली होती. कपाळ मोकळं होतं. आचार्य समोरच्या दगडावर बसले.

“धुरकंद खाल्ला त्यांनी,” ती म्हणाली. “घरात दाणा नव्हता. मंडपातल्या पानावर काय लिहिलंय ते एकाकडनं वाचून घेतलं होतं. उकडून खा, असं लिहिलेलं. म्हणून चांगला उकडला. आधी मी खाऊन बघतो, मग तुम्ही खा, म्हणाले. दुपार सरायच्या आत गेले.”

परटिणीनं मान वर केली. “तुम्ही झाडापाल्यातले जाणते. तुम्हाला ठाऊक होतं का हो?”

खोटं बोलता आलं असतं. आचार्य म्हणाले, “होतं.”

“मग?”

“लिहिलं होतं मी. मंडपातल्या माणसांनी खोडलं.”

“का खोडलं?”

“कुठून कळलं ते विचारत होते.”

“मग सांगितलं नाहीत?”

ती भांडत नव्हती. तिला खरंच समजून घ्यायचं होतं, आणि तेच आचार्यांना सोसवेना. आपण का सांगितलं नाही, याचं जे उत्तर त्यांच्याजवळ होतं, ते त्या दारात उच्चारण्यासारखं नव्हतं. ते उठले आणि वाटेनं चालू लागले. घराकडची वाट आली तरी वळले नाहीत. सरळ मंडपात गेले.

कासारणीच्या पुढ्यात टोपली होती, पण बांगड्यांवरचं फडकं तिनं काढलेलं नव्हतं. धुरकंदाचं पान तिच्या मांडीवर होतं. वाटसरूची ओळ खोडलेली होती. बाकी पान कोरं.

“तुमच्या लिहिण्यावर रेघ मीच ओढली होती,” ती म्हणाली. “नियमानं ओढली. पण माणूस गेला, आचार्य. तुम्ही सांगत होतात तर मीच टेकडी चढून तुमच्याकडं यायला हवं होतं. नाही आले.”

“तुम्ही विचारलंत ते बरोबर विचारलंत,” आचार्य म्हणाले. “उत्तर माझ्या घरात पडून होतं. ते मी दिलं नाही.” आणि त्यांनी हात पुढं केला. “बोरू द्या.”

लिहायला बसले तेव्हा आचार्यांच्या ध्यानात आलं, की हे सोपं नाही. चाळीस वर्षं जे ठाऊक आहे, ते मुळात कशावरून ठाऊक आहे? त्यांनी आठवून आठवून लिहिलं. गुरूंच्या पोथीत सातव्या प्रकरणात आहे. तरुणपणी दक्षिणेच्या रानात दोन लाकूडतोडे हा कंद खाऊन मेलेले मी पाहिले. नदीकाठचा परीट उकडलेला कंद खाऊन गेला. त्याच्या पत्नीनं सांगितलं. वाटसरूनं पाहिला तो कंद निराळा. त्याच्या वेलीला काटे नसतात, या वेलीला असतात. आणि शेवटी : म्हणून धुरकंद मुळीच खाऊ नये.

कासारणीनं वाचलं. शेवटच्या ओळीशी ती थांबली. “राग मानू नका. पण डोंगरापलीकडची रानातली माणसं हाच कंद खातात, असं ऐकलंय. बाजारात मध विकायला येतात तेव्हा म्हणतात. ती तर मरत नाहीत.”

आचार्यांच्या तोंडाशी शब्द आला : अडाणी माणसं! तो त्यांनी गिळला. या दुष्काळात रानभर धुरकंदच तेवढा उरला होता. ‘मुळीच खाऊ नये’ हे जर पुरतं खरं नसेल, तर त्या ओळीनंही माणसं मरणार होती, सावकाश, भुकेनं.

“मला पाहून यायला हवं,” ते म्हणाले.

तीन दिवस चालून ते डोंगरापलीकडं गेले. झऱ्याकाठी एका झोपडीत एक म्हातारी कंद चिरत होती. पातळ, पानासारख्या चकत्या. आचार्यांनी तिला विचारलं. तिनं हातातलं काम न थांबवता दाखवलं. चकत्या टोपलीत भरायच्या, टोपली वाहत्या पाण्यात दगडाखाली दाबायची, तीन दिवस तशीच ठेवायची. मग चकती जिभेला लावून बघायची. जीभ चुरचुरली तर आणखी एक दिवस. नाही चुरचुरली, तर उकडायची.

आचार्य तीन दिवस तिथंच राहिले. चौथ्या दिवशी म्हातारीनं पानावर चकत्या वाढल्या. ज्याला आयुष्यभर जहर म्हटलं, तो कंद आचार्यांनी हातात घेतला. त्यांनी खाल्ला. दुपार झाली, सूर्य कलला. काही झालं नाही.

म्हातारी हसली. “इतका म्हातारा झालास, या कंदावर बोलत आलास, आणि आम्हाला विचारायला आजवर आला नाहीस?”

“मला वाटलं, मला ठाऊक आहे,” आचार्य म्हणाले.

परत येऊन त्यांनी स्वतःच्याच शेवटच्या ओळीवर रेघ मारली. समासात कारण लिहिलं : ‘हे अर्धंच खरं होतं.’ मग म्हातारीची रीत जशीच्या तशी लिहिली, कुणी दाखवली ते लिहिलं, आणि खाऊन पाहिल्याचंही लिहिलं.

पान तिथं थांबलं नाही. एका कोळ्यानं लिहिलं, की साचलेल्या डोहात टोपली ठेवली तर विष उतरत नाही. त्याच्या भावाला उलट्या झाल्या होत्या. आचार्यांनी डोहातली चकती जिभेला लावून पाहिली. खरं होतं. आचार्यांनी लिहिलं होतं, ‘जलप्रवाहात निमज्जित करावा.’ कुणीतरी ते खोडून ‘वाहत्या पाण्यात बुडवून ठेवावा’ असं केलं. आचार्यांना ते लागलं. पण त्यांनी दोन्ही वाक्यं मोठ्यानं म्हणून पाहिली, आणि दुसरं राहू दिलं.

दुष्काळ आणखी एक वर्ष टिकला. गावोगावी त्या पानाची नक्कल गेली. झरे आटत आले होते, तरी जिथं पाण्याची धार होती तिथं दगडाखाली टोपल्या दिसू लागल्या. त्या कंदावर माणसं जगली.

परटीण आता कपडे न्यायला येई. गाठोडं उचली आणि जाई. ती ऊनपावसाच्या गोष्टी बोलत नसे, आणि आचार्यही तिला थांबवत नसत. काही गोष्टी पानावर दुरुस्त होतात, घरात होत नाहीत, हे त्यांना कळलं होतं. रोज सकाळी ते मंडपात जाऊन बसत. कासारीण एखादं पान पुढं करी आणि विचारी, “हे कशावरून?” आणि ते सांगत. ठाऊक नसेल तर तसं म्हणत.

काही वर्षांनी आचार्य वारले. टेकडीवर माणसं थोडीच जमली. ज्यांनी कंद खाऊन दिवस काढले होते, त्यांना आचार्यांचं नावही ठाऊक नव्हतं. त्यांची जाडजूड पोथी वाळवीनं खाल्ली. धुरकंदाचं पान मात्र लिहिलं जात राहिलं. इतक्या हातांनी ते सुधारलं, की आचार्यांचं एकही वाक्य त्यात अखंड उरलं नाही. पण धुरकंद खाऊन त्या राज्यात पुन्हा कुणी मेलं नाही.

बोध असा : आपल्याला जे ठाऊक आहे ते इतरांना तपासून पाहता येईल असं मांडावं, तरच ते त्यांच्या कामी येतं.